फळीवरचे मोडके पिस्टन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ज्येष्ठांनी पाहावेत अशा सिनेमांची एक चौकट आली होती. त्यात ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ या २००५ सालच्या सिनेमावर सात-आठ ओळी होत्या. बर्ट मन्रो नावाच्या म्हाताऱ्याने आयुष्यभर एक स्वप्न पाहिलं, जुनी मोटारसायकल घेऊन तो अमेरिकेला गेला, ताशी २०१ मैलांचा जागतिक विक्रम करून आला आणि वय हा नुसता आकडा असतो हे त्याने दाखवून दिलं, असं त्यात लिहिलं होतं. लिहिणाऱ्याने सिनेमा पाहिला असेल, नाही असं मी म्हणत नाही. पण जे पाहायचं ते राहून गेलं, आणि आकडाही चुकला. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण आकडा तेवढा दुरुस्त करा.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ४१ वर्षं फौंड्रीत काढली. बिगारी म्हणून वाळू चाळायला लागलो आणि मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करून त्यात धातू ओतणारा, म्हणून बाहेर पडलो. शिक्षण नववी नापास. इंग्रजी वाचता येतं, बोललेलं कळत नाही. त्यामुळे हा सिनेमा मला नातवाने दाखवला. तो मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. “आबा, इंडियन मोटारसायकलवाल्याचा पिक्चर आहे,” म्हणाला. मला वाटलं, कुणीतरी आपलाच माणूस असणार, पंजाबचा नाहीतर बंगळूरचा. मी चष्मा पुसून बसलो, तर पडद्यावर एक गोरा म्हातारा पहाटे उठून लिंबाच्या झाडाला धार मारतोय. इंडियन हे त्याच्या गाडीचं नाव आहे हे अर्ध्या तासाने कळलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावात ही कंपनी होती. तिचं ‘स्काउट’ मॉडेल मन्रोने १९२० साली घेतलं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. तीच गाडी त्याने शेवटपर्यंत धरून ठेवली.

आता मला काय दिसलं ते सांगतो.

न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला इन्व्हरकारगिल नावाचं गाव आहे. तिथं या माणसाची एक शेड. झोपणं तिथंच, चहा तिथंच, गाडी तिथंच. आजूबाजूला गवत माजलेलं. शेजारी वैतागलेले, कारण हा भल्या पहाटे इंजिन चालू करून आवाज काढतो. या शेडमध्ये तो जुने पिस्टन, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वर-खाली होणारे दट्टे, वितळवून नवे ओततो, आणि शेजाऱ्यांचा पोरगा बघत उभा असतो. तिथं मी नातवाला म्हणालो, “थांबव.” तो म्हणाला, “काय झालं आबा, छातीत दुखतंय का?” म्हटलं, नाही, परत दाखव. तेवढाच तुकडा मी तीनदा पाहिला.

ज्यांनी वितळलेल्या धातूचा रस ओतलेला नाही त्यांना तो प्रसंग गमतीचा वाटेल. एक वेडा म्हातारा डब्यात काहीतरी ओततोय, एवढंच. पण पिस्टन ओतणं म्हणजे चुलीवर गूळ पातळ करून ताटलीत ओतणं नव्हे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. दिसायला चांदीसारखं आणि स्वभावाने खोडकर. बिडाचा रस लाल-पिवळा होऊन सांगतो तरी, की मी तापलोय. हे बेणं सांगत नाही. वाळूत किंचित ओल राहिली की वाफ धरतं आणि आत फुगे राहतात. वरून कास्टिंग, म्हणजे ओतलेला तुकडा, कसं, नव्या नाण्यासारखं. लेथवर लावून पहिली मिलिमीटर काढली की आत जाळी. शिवाय थंड होताना ते आकसतं. जिथं माल जाड असतो, म्हणजे पिनेच्या भोवताली, तिथं शेवटी रस कमी पडतो आणि खड्डा पडतो. त्यासाठी रायझर, म्हणजे जादा रसाचा साठा, कुठं ठेवायचा हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही. हाताला दहा-वीस कास्टिंग वाया घालवल्याशिवाय ते येत नाही.

हे मला कसं माहीत? कारण मी स्वतः केलं आहे. माझ्याकडे राजदूत होती, १७५ सीसीची. जुनी घेतलेली. सिलिंडर इतक्या वेळा बोअर करून, म्हणजे आतून तासून, झाला होता की शेवटच्या मापाचा पिस्टनही त्यात खुळखुळायचा. नवा सिलिंडर घ्यायची ऐपत नव्हती. म्हटलं, आपण दिवसभर दुसऱ्यांच्या इंजिनांचे सुटे भाग ओततो, एक पिस्टन ओतता येणार नाही? १९८३ चा उन्हाळा होता. रात्रपाळीत, फोरमन जेवायला गेला की मी एका मुशीत भंगारातले पिस्टन वितळवायचो. पहिल्याला फुगे. दुसऱ्याला पिनेजवळ खड्डा. तिसरा, आतली पोकळी ठेवणारा वाळूचा कोअर सरकून, एका बाजूला पातळ झाला. चौथा चांगला आला. इतका चांगला की घरी नेऊन मी तो रात्री उशाशी ठेवला होता.

मित्राने तो लेथवर तासला, रिंगांच्या खाचा काढल्या. गाडी चालू झाली. आठवडाभर मी गल्लीत ताठ मानेने फिरलो. रविवारी बायकोला म्हणालो, चल जोतिबाला. ती मागे बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि पाव किलो गुलाल. डोंगर चढायला लागलो. अर्ध्या चढाला गाडीचा आवाज बदलला, जरा घट्ट झाला. मला कळायला हवं होतं. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या दुप्पट फुगतं. त्या फुगण्याला जागा सोडावी लागते, आणि मी हौसेने घट्ट बसवला होता. पुढच्या वळणावर पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकला, मागचं चाक जाम झालं आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला. लागलं फारसं नाही, माझा गुडघा आणि तिची कोपर. पण पिशवी फुटली. जोतिबाचा गुलाल आम्हाला देवळाच्या अलीकडेच लागला. खालून येणाऱ्या एका बैलगाडीवाल्याने विचारलं, “काय पाहुणं, निवडून आलासा का?”

तो पिस्टन अजून माझ्याकडे आहे. एका बाजूला नखांनी ओरबाडल्यासारख्या उभ्या रेघा आहेत. वरची रिंग खाचेतच रुतून बसली आहे. काढायला गेलो तर तुटेल. बायको त्याने खिडकीचं दार अडवायची.

तर मन्रोच्या त्या शेडमध्ये एक फळी आहे. तिच्यावर तुटके, फुटके, वितळलेले पिस्टन, मोडक्या दांड्या, झडलेले व्हॉल्व्ह ओळीने मांडलेले. आणि त्यावर लिहिलेलं: ‘वेगाच्या देवाला अर्पण’. ही कुणा लेखकाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. खऱ्या मन्रोच्या शेडमध्ये अशी फळी होती. सिनेमाचे दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन तरुणपणी मन्रोला भेटले होते, त्याच्यावर एक माहितीपटही त्यांनी तेव्हा केला होता, आणि त्याला हेच नाव दिलं होतं.

संपादक महोदय, आपल्या चौकटीत या फळीचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

आम्ही कोल्हापूरचे लोक खंडेनवमीला हत्यारं पूजतो. उद्यमनगरात त्या दिवशी लेथ, ड्रिल, भट्टी, सगळ्यांना झेंडूच्या माळा. थाप्या, रॅमर, हातोड्या धुऊनपुसून पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. पण मांडायचं काय, तर चांगलं ते. धार असलेलं, चकचकीत. मोडलेली थापी कुणी पाटावर ठेवली तर लोक येड्यात काढतील. आणि वाया गेलेलं कास्टिंग? ते तर डोळ्यांआड करायचं. आमच्याकडे रिजेक्ट निघालेला माल मालक यायच्या आत फोडून परत भट्टीत टाकायची पद्धत होती. पुरावा नको. ४१ वर्षांत मी किती कास्टिंगं अशी गिळायला लावली भट्टीला, त्याचा हिशेब नाही. चुका वितळून गेल्या आणि त्याच चुका पुढच्या पोराने पुन्हा केल्या, कारण त्याला दाखवायला काही उरलंच नव्हतं.

आणि हा माणूस रिजेक्शन फळीवर मांडतो, वर देवाचं नाव लिहितो. रोज उठून ते बघतो.

नातवाने मग फोनवर शोधून शोधून मला वाचून दाखवलं. गाडी नवी होती तेव्हा ताशी ५५ मैल पळायची, म्हणजे ८८-८९ किलोमीटर. इंजिन ६०० सीसीचं. १९२६ च्या सुमाराला त्याने तिच्यात हात घालायला सुरुवात केली. पिस्टन ओतायला जुने डबे. सिलिंडरला बिडाचा जुना गॅस पाइप. पिस्टनला जोडणारे दांडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड, ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून हाताने कोरून काढलेले. चाकाच्या आऱ्यापासून मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, केला होता म्हणे. यावर मी नातवाला म्हटलं, यातला रॉड तुम्ही डिप्लोमावाले कशावर कराल? तो म्हणाला, “सीएनसीवर, आबा.” म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर. म्हटलं, आणि सीएनसी नसेल तर? तो गप्प. मीही गप्प, कारण मलाही तो हाताने करता आला नसता.

आता तो आकडा.

सिनेमात वेग २०१ मैलांवर जातो, माणसं टोप्या उडवतात, आपलेही डोळे भरून येतात. पण विक्रमाच्या कागदावर तो आकडा नाही. अमेरिकेत युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे, जुन्या काळच्या एका आटलेल्या तळ्याचं. तिथं १९४९ पासून ऑगस्टमध्ये वेगवाल्यांचा आठवडा भरतो. एकदा जोरात पळून विक्रम होत नाही. एका दिशेने पळायचं, मग उलट दिशेने पळायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची. वारा पाठीशी घेऊन कुणी फसवू नये म्हणून. मन्रोने १९६२ साली ८८३ सीसीच्या वर्गात १७८.९७ मैलांचा विक्रम केला, तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. १९६६ साली १००० सीसीच्या वर्गात १६८.०७. आणि १९६७ साली, ६८ व्या वर्षी, त्याच वर्गात १८३.५९. पात्रता फेरीत तो एकाच दिशेने १९०.०७ मैलांपर्यंत गेला होता, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या वर. पण ती एकच बाजू.

गंमत पुढे आहे. २०१४ साली त्याच्या मुलाच्या लक्षात आलं की १९६७ च्या सरासरीचा हिशेबच चुकलाय. एका दिशेला १८४.७१० मैल, दुसऱ्या दिशेला १८३.४६३. मी नववी नापास आहे, तरी कॅलेंडरच्या मागे बेरीज मांडली. निम्मे केले की १८४.०८७ येतात. अमेरिकन मोटारसायकल संघटनेने चूक मान्य केली आणि आकडा बदलला. मन्रो १९७८ च्या जानेवारीत गेला होता. म्हणजे मेल्यावर ३६ वर्षांनी म्हातारा अर्धा मैल आणखी वेगाने पळाला! आमच्याकडे रिटायर झालेल्या माणसाचा फंडाचा हिशेब जिवंतपणी दुरुस्त होत नाही. असो. तो वेगळ्या पत्राचा विषय.

म्हणून म्हणतो, २०१ लिहू नका. १८४ हा खरा आकडा काही कमी नाही. उलट तोच मोठा आहे, कारण तो दोन्ही बाजूंनी मोजलेला आहे.

आणि १८४ म्हणजे काय ते मला नातवाने समजावलं. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने, म्हणजे वेग दुप्पट तर रेटा चौपट आणि ताकद आठपट. नव्या गाडीचा वेग सव्वातीन-साडेतीनपट करायचा असेल, तर आकार तोच ठेवून इंजिनाला ३७-३८ पट ताकद लागेल. सीसी वाढवून वाढवून त्याने ९५० च्या आसपास नेले, म्हणजे जेमतेम दीडपट. बाकीचं कुठून आणलं? काही इंजिनातून पिळून काढलं, काही हवेला फसवून. गाडीला माशासारखं कवच केलं, आत पालथं पडून चालवायची. त्या कवचावर त्याने वर्षं घालवली. आपल्या चौकटीत लिहिल्याप्रमाणे स्वप्न पाहिलं आणि अमेरिकेला गेला, असं ते नव्हतं. आधी चाळीसेक वर्षं शेड, मग मैदान. आणि मैदानावरही एकदाच नाही, तो पुन्हा पुन्हा जात राहिला. सिनेमाने सगळ्या खेपांची एक खेप केली आहे. सिनेमाला तसं करावं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही मात्र वर्तमानपत्र आहात.

सिनेमा मला आवडला का? आवडला. अँथनी हॉपकिन्स हा नट लोखंडात आयुष्य काढलेल्या माणसासारखा वावरतो. जरा वाकलेला, एक कान इंजिनाकडे, बोलण्यात अर्धं लक्ष. जहाजावर स्वयंपाकी म्हणून राबत तो अमेरिकेला जातो. तिथं मोटेलच्या काउंटरवर बाईच्या वेषातला एक पुरुष भेटतो, म्हातारा त्याच्याशी कुठलाही गाजावाजा न करता माणसासारखा वागतो. जुन्या गाड्या विकणारा एक दुकानदार भेटतो, त्याच्या गाड्या दुरुस्त करून हा तिथंच स्वतःला ट्रेलर बनवून घेतो. वाटेत एक आदिवासी म्हातारा प्रोस्टेटवर कसलीशी पूड देतो. हा प्रसंग आमच्या कट्ट्यावर मी सांगितला तेव्हा सहापैकी चार जणांनी पूड कुठं मिळते विचारलं. फक्त वाटेत भेटणारा एकजात प्रत्येकजण भला निघतो, हे जरा गोड झालंय. मी उमेदीत तीन राज्यांत कास्टिंग पोचवायला गेलोय. भली माणसं भेटतात, पण ओळीने नाही भेटत.

आणखी एक, जे माझ्या वयाच्या प्रेक्षकाला आवडणार नाही. मैदानावर तपासनीस त्याची गाडी बघतात. पॅराशूट नाही, ब्रेक नावाला, टायरला भेगा, त्या भेगांत बुटाचं पॉलिश भरलेलं, आणि चालवणारा छातीच्या दुखण्याच्या गोळ्या खिशात ठेवणारा. ते नाही म्हणतात. सगळं थिएटर त्या तपासनिसांना शिव्या देत असणार. मी नाही दिल्या. माझ्या शेजारच्या भट्टीवर एका पोराच्या बुटात रसाचा थेंब गेला होता. बूट काढेपर्यंत जे व्हायचं ते झालं. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याला गेटर, म्हणजे बुटावरचं संरक्षक आवरण, घाल म्हणून सांगणाऱ्याला आम्ही सगळे हसलो होतो, मीसुद्धा. तपासनीस बरोबर होते. शेवटी त्यांनी त्याला पळू दिलं हेही बरोबर असेल, पण आधीचं ‘नाही’ चुकीचं नव्हतं. शेवटच्या धावेत गाडी डुलायला लागते आणि एक्झॉस्टच्या पाइपाने त्याचा पाय भाजतो, तेव्हा मला ते ‘नाही’ आठवत होतं.

आता घरातलं. सिनेमा संपला. नातू टाळ्या वाजवतोय, मी डोळे पुसतोय, आणि बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “ह्येची बायकू कुठं हाय?”

सिनेमात नाही. सिनेमात एकटाच आहे, एक मैत्रीण आहे गावातली, बस. मी नातवाला शोधायला लावलं. खऱ्या मन्रोने १९२७ साली लग्न केलं, चार मुलं झाली, १९४७ साली घटस्फोट झाला. नोकरी मोटारसायकली विकायची आणि दुरुस्त करायची होती, पुढे तीही सोडली आणि तो गाडीलाच लागला. म्हणजे त्या फळीवर आणखीही काही होतं, जे पडद्यावर मांडलेलं नाही. बायकोने ऐकलं आणि म्हणाली, “मग बरोबर हाय. चार पोरं कुणी सांभाळली आसतील त्ये लिव्हा की तुमच्या पत्रात.” लिहिलं. जोतिबाच्या चढावर गुलालात पडलेली बाई आहे ती, तिचा अधिकार आहे.

आता मागणी. पत्राला मागणी लागते. माझी अशी आहे: हा सिनेमा निवृत्तांच्या चौकटीत ठेवू नका. आम्ही निवृत्त लोक तो पाहून रडतो आणि झोपतो. तो आयटीआयच्या पोरांना दाखवायला सांगा. मोल्डरचा ट्रेड घेणारी, टर्नर, फिटर होणारी जी पोरं आहेत, त्यांना. मराठीत दोन ओळी खाली आल्या तर उत्तम. आणि जमलं तर त्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक फळी मारून द्या. पोराने पहिलं कास्टिंग वाया घालवलं की ते फोडू नये, फळीवर ठेवावं, खाली खडूने लिहावं काय चुकलं ते. माझ्या उस्तादाने तसं केलं असतं तर माझे आणि भट्टीचे बरेच टन वाचले असते.

मन्रोची मूळ गाडी आज इन्व्हरकारगिलमध्येच आहे, आणि ती ठेवलीय एका हार्डवेअरच्या दुकानात. गावातल्या माणसाने ती विकत घेतली होती. नट-बोल्ट, पाने, बादल्या यांच्या मधोमध जगातली ती सर्वांत वेगवान इंडियन उभी आहे. कुणी अर्धा डझन वॉशर घ्यायला येतो आणि जाता जाता बघून जातो. हे वाचून दाखवलं तेव्हा मी नातवाला म्हणालो, माझं पासपोर्टचं वय गेलं, पण तू जाशील तेव्हा त्या दुकानातून मला एक वॉशर आण.

गेल्या खंडेनवमीला आमच्या पाटावर थापी होती, पाना होता, नातवाचा माप घ्यायचा व्हर्निअर होता. मी खिडकीपाशी गेलो तर दार वाऱ्याने आपटत होतं. पिस्टन जागेवर नव्हता. पाटाकडे पाहिलं तर थापीशेजारी तो, घासून पुसून, कुंकू लावलेला. बायकोने ठेवला होता. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, “दाराला वीट लावा.”

आपला,
एक निवृत्त मोल्डर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

ता. क. – आमच्या परसात लिंबाचं झाड आहे. चार वर्षं नुसतंच वाढत होतं. सिनेमा पाहिल्यापासून नातू पहाटे लवकर उठायला लागला आहे. यंदा झाडाला फूल धरलंय. घरातल्या बायका सरबताला लिंबं मात्र बाजारातूनच आणतात.